दाराकडच्या सहा जागा

पुंजारामला मोजायची खोड लहानपणापासूनची. मखमलाबादच्या मळ्यातून आत्याबरोबर तो रविवार कारंज्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायचा, तेव्हा मेथी घेणाऱ्या किती गिऱ्हाइकांनी वर फुकट कोथिंबीर मागितली आणि वांगी घेणाऱ्या कितींनी, याच्या रेघा तो कोळशानं फरशीवर ओढायचा. आत्या, म्हणजे नवसाबाई, ओरडायची, "रेघा मारून पोट भरतं का रं?" आणि हाच भाचा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, तेव्हा त्या विषयाचं नाव धड उच्चारता येत नसताना तिनं साऱ्या मळ्यात पेढे वाटले. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली होती. पुंजाराम तिनंच वाढवलेला.

सातपूरला औषधांचा एक कारखाना निघाला, तेव्हा पहिल्या खेपेला ज्या बारा बायका कामाला लागल्या त्यांत नवसाबाई होती. तीन वर्षांनी तिनंच मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं आणि पुंजाराम तपासणी विभागात कारकून म्हणून चिकटला. हे १९७७ साल. त्यानं पांढरे सदरे शिवून घेतले, खिशाला दोन पेनं लावली आणि एकदम जाणत्या माणसासारखं चालायला सुरुवात केली.

कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरत. भरलेली कुपी गॅसच्या ज्योतीत धरायची, मान मऊ झाली की चिमट्यानं टोक ओढून घ्यायचं, की तोंड बंद. सांगायला सोपं, करायला नाजूक. एक क्षण मागंपुढं झालं की बंद झाल्यासारखं दिसतं, पण केसाएवढं भोक राहतं. ते शोधायला निळ्या पाण्याची टाकी होती. कुप्या तिच्यात बुडवून झाकण लावायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि परत सोडायची. जिचं तोंड कच्चं, तिच्यात निळं पाणी शिरे. प्रत्येक बाईच्या ट्रेला तिच्या नंबराचा पितळी बिल्ला असे, त्यामुळे कुणाची कुपी निळी झाली ते लपत नसे.

पुढच्या वर्षी माघात निळ्या कुप्या वाढल्या. मुंबईच्या हेड ऑफिसातून विचारणा आली. साहेबांनी पुंजारामला बोलावलं.

"बारा बायका आहेत. सहा तुमच्या मळ्यांकडच्या, सहा त्या बुद्धविहाराच्या वसाहतीतल्या. वसाहतीतल्यांचा हात मला जड वाटतो. नुसतं वाटून भागायचं नाही. तू शिकलेला आहेस, सिद्ध करून दे."

साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली. आजवर दिली नव्हती. खुर्ची मिळाली की माणसाची अक्कल थोडी खाली बसते. पुंजारामचं तेच झालं.

दोन आठवडे त्यानं मान मोडून काम केलं. दोन्ही गटांच्या हजार-हजार कुप्या तपासल्या. मळ्यांकडच्या बायकांच्या तीस निळ्या निघाल्या, वसाहतीतल्या बायकांच्या साठ. मग त्यानं कॉलेजातली काय-स्क्वेअरची कसोटी लावली. तिची रीत सरळ आहे. गळक्या कुप्या एकूण नव्वद. कोण कुठल्या वस्तीतली याचा गळतीशी काही संबंध नसता, तर दोन्हीकडे पंचेचाळीस-पंचेचाळीस निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षातला आकडा या अपेक्षेपासून किती लांब गेला, तो फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्यानं भागायचा. हेच चांगल्या कुप्यांसाठी. साऱ्याची बेरीज म्हणजे काय-स्क्वेअर. पुस्तकाच्या मागच्या कोष्टकात मर्यादा होती ३.८४. त्याच्या वर गेलं की एवढा फरक नुसत्या योगायोगानं पडत नाही, असं धरायचं. पुंजारामचं उत्तर आलं १०.४७. आनंदानं त्यानं टेबलावर मूठ आपटली, हे सांगायला लाज वाटते, पण आपटली खरी.

साहेबांनी पत्र टाइप केलं. या वस्तीतल्या बायका नाजूक कामाला योग्य नाहीत, एक तारखेपासून खालील सहाजणींना कमी करतो, पुढेही तिथून भरती करू नये. खाली सहा नावं. सोबत जोडलेल्या कोष्टकाखाली पुंजारामची सही. पत्र शनिवारच्या टपालानं जायचं होतं.

कारखान्यात भिंतींना कान असतात आणि टायपिस्टला तोंड. गुरुवारी दुपारी विमलाबाई तपासणीच्या खोलीत आली. त्या सहाजणींत ती थोरली. आवाज कधी चढवायची नाही, पण समोरच्याला बोलणं मध्येच तोडायचा धीर व्हायचा नाही.

"भाऊ, आमची सहा नावं मुंबईला चाललीत म्हणं. काय मोजलं ते मला दाखवा."

तुम्हाला समजायचं नाही, असं पुंजारामच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्याकडे बघून त्यानं मुकाट्यानं कागद पुढं ओढला आणि चार चौकटी काढल्या. विमलाबाई तिसरी शिकलेली. तिनं पंचेचाळीसवर बोट ठेवलं.

"म्हंजे आमच्यात न त्यांच्यात काय फरक नसता तर येवढ्या येवढ्या पायजे होत्या."

"बरोबर."

"आन निघाल्या साठ न तीस."

"हो. एवढा फरक सहजासहजी पडत नाही, विमलाबाई."

"नायच पडत. साठ आमच्याच हायेत, मी रोज बघते, खोटं कशाला बोलू? मला येवढंच सांगा. ह्या दोन आठवड्यांत आमच्यातली एक तरी आतल्या टेबलाला बसली का? आन त्यांच्यातली एक तरी दाराकडं?"

पुंजाराम आठवू लागला.

कुप्या बंद करायच्या खोलीत दोन लांब टेबलं होती. एक आतल्या भिंतीशी, एक मालाच्या मोठ्या दाराशी. आत मळ्यांकडच्या सहाजणी, दाराकडे वसाहतीतल्या सहाजणी. चार वर्षं. पुंजारामनं काच तपासली होती, गॅसचा दाब तपासला होता, सकाळ आणि दुपार वेगळी काढली होती. कोण कुठं बसतं हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि गांगरलेला माणूस बोलतो तेच तो बोलून गेला.

"पण मग बसायचं होतंत की तुम्ही आत. कुणी नको म्हटलं होतं का?"

विमलाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पहिल्या दिवशी आमची यशोदाबाई बसली होती आत. पाण्याचा माठ तिथंच होता, तिच्या हाताशी. तुमच्या आत्या उठल्या, माठ उचलला आन पार दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठिवला. तोंडानं कुणी काय बोललं नाय. यशोदाबाई उठून दाराकडं आली. मंग माठ परत जागेवर आला. तवापासून कुणाला काय सांगायला लागलं नाय, भाऊ."

पुंजारामचे कान तापले. त्या दिवशी तो इथं नव्हता. पण त्याच्या मळ्यात मजुरांचा पाण्याचा हंडा बांधाच्या पलीकडे वेगळा ठेवलेला असे, आणि लहानपणी फरशीवर शंभर रेघा ओढणाऱ्या या शहाण्यानं त्या हंड्यापाशी एक रेघ कधी ओढली नव्हती.

तो उठला आणि तडक दाराकडच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. खोक्यांची ट्रॉली बाहेर न्यायला दाराची दोन्ही कवाडं उघडली गेली, तसा त्र्यंबकच्या डोंगरांकडचा गार वारा आत घुसला. सहाच्या सहा ज्योती आडव्या झाल्या. यशोदाबाईनं एका हाताचा आडोसा करून दुसऱ्या हातानं कुपी फिरवली. पाव तासानं ट्रॉली परत आली, परत दार उघडलं, परत ज्योती वाकल्या. आतल्या टेबलावरच्या ज्योती सुईसारख्या सरळ होत्या.

"सुपरवायझरला तीनदा सांगितलं," विमलाबाई मागून म्हणाली. "सांभाळून घ्या म्हणला."

पुंजाराम तिथूनच साहेबांकडे गेला. या वेळी खुर्ची असूनही तो उभा राहिला.

"साहेब, माझी कसोटी बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक आहे. वस्ती आणि गळती यांचा संबंध दिसतो, पण वस्ती आणि जागा एकमेकींना बांधलेल्या आहेत. गळती कुठल्या गोष्टीमुळे आहे ते या कोष्टकावरून सांगताच येत नाही. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा देऊ. बारा दिवस. मग परत मोजतो."

"तुला कळतंय का काय बोलतोस? मळ्यांकडच्या सहाजणी उठून जातील. तुझी आत्या सगळ्यांत आधी."

"मग माझं कोष्टक परत द्या. त्याखालची सही मी खोडतो. सहीशिवाय पाठवायचं असेल तर पाठवा."

साहेबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. हेड ऑफिसला आकडे लागत, आणि आकड्यांखाली पदवीधराची सही लागे.

"बारा दिवस," ते शेवटी म्हणाले. "एक जरी बाई काम सोडून गेली, तर तिच्यामागोमाग तूही गेटबाहेर. आणि हे पत्र तसंच जाईल."

संध्याकाळी घरी नवसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. पुंजारामनं सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मी दाराशी बसू? आन ती माठाशी?"

"चिठ्ठीत निघालं तर."

"ह्याच्यासाठी शिकवला तुला? चार लोकांत माझं नाक कापायला?"

"तुझं नाक राहू दे, आत्या. सहा घरं बसतील."

"मी नाय बसायची. जा, सांग तुझ्या सायबाला."

पुंजाराम तिच्यासमोर खाली बसला. या बाईनं त्याच्यासाठी काय काय सोसलं ते तो जाणून होता, आणि तिच्यासमोर आवाज चढवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पण आत्याची दुखरी नस त्याला ठाऊक होती. साऱ्या कारखान्यात आपल्यासारखा हात कुणाचा नाही, ही तिची ऐट.

"नको बसूस," तो म्हणाला. "त्यांचा हात जड आहे असं तूच सांगत फिरतेस ना? मग एक दिवस दाराशी बसून दाखवायला काय हरकत होती? पण राहू दे. भीती वाटत असेल तर राहू दे."

"भीती? मला?" नवसाबाईनं जुडी आपटली. "दाराशी काय, गच्चीवर बसव. एक कुपी गळली तर नाव बदलीन."

दुसऱ्या दिवशी एनामलच्या रिकाम्या ट्रेत बारा चिठ्ठ्या पडल्या. नवसाबाईला नेमकी दाराकडची निघाली. विमलाबाईला माठाशेजारची. मळ्यांकडच्या बायका नवसाबाईच्या तोंडाकडे बघत होत्या, ती उठून गेली असती तर पाचहीजणी मागं निघाल्या असत्या. नवसाबाईनं पदर खोचला, ताठ मानेनं चालत गेली आणि दाराकडे बसली. बाकीच्या मुकाट्यानं आपापल्या चिठ्ठीच्या जागी गेल्या.

संध्याकाळी निळ्या टाकीतून ट्रे वर आले. नवसाबाईच्या ट्रेत अकरा निळ्या. तिनं स्वतः मोजल्या. परत मोजल्या. बिल्ला उलटून पाहिला.

"ह्या माझ्या नायत," ती म्हणाली. पण बिल्ला तिचाच होता, आणि हे तिला सगळ्यांत आधी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिला परत दाराकडची जागा आली. पुंजाराम फेरी मारायला गेला तर दाराला एक जुनं लुगडं टांगलेलं. नवसाबाईनं घरून आणलं होतं. त्यानं ते काढलं. परिस्थिती पहिल्यासारखीच ठेवायला हवी, नाहीतर मोजण्याला अर्थ राहत नाही.

"अरं पण वारा लागतोय ना!" नवसाबाई कळवळली.

"चार वर्षं लागतोय, आत्याबाई," विमलाबाई आतल्या टेबलावरून म्हणाली. हसून म्हणाली, पण खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. नवसाबाईनं मान खाली घातली आणि कुपी ज्योतीत धरली.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणी समजू नये. मळ्यांकडच्या दोघीजणी माठाचं पाणी पिईनाशा झाल्या, नवसाबाईही घरून बाटली आणू लागली. एकीच्या नवऱ्यानं गेटवर येऊन पुंजारामला शिव्या घातल्या. पुंजारामनं त्या ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ट्रेत परत बारा चिठ्ठ्या टाकल्या. रोज टाकल्या. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. आकडे उलटे आले तर काय, या धास्तीनं त्यानं मधे एकदाही बेरीज केली नाही. बारा दिवस संपले तेव्हा एकही बाई काम सोडून गेली नव्हती.

मग रोज प्रत्येकीच्या ट्रेतून नमुन्याला घेतलेल्या कुप्यांच्या बेरजेला तो बसला. आधी वस्ती. वसाहतीतल्या बायकांच्या हजारात चव्वेचाळीस निळ्या, मळ्यांकडच्या बायकांच्या हजारात सत्तेचाळीस. काय-स्क्वेअर ०.१०. संबंध नाही. नंतर त्याच कुप्या जागेप्रमाणे लावल्या. आतल्या टेबलाच्या हजारात तीस, दाराकडच्या हजारात एकसष्ट. काय-स्क्वेअर ११.०६. त्यानं तीनदा पडताळा घेतला. या वेळी मूठ आपटली नाही. डोळे भरून आले ते बाहीनं पुसले आणि कागद घेऊन तो साहेबांकडे गेला.

साहेब हट्टी होते, पण आकड्याशी भांडणारे नव्हते. त्यांनी जुनं पत्र फाडलं, दाराला लाकडी आडोसा करायला सुतार बोलावला आणि नवं पत्र चार ओळींत उरकलं. दारातल्या वाऱ्यानं गळती होत होती, उपाय केला आहे, कुणाला कमी करण्याची गरज नाही.

जेवणाच्या सुट्टीत पुंजारामनं ते बायकांना मराठीत वाचून दाखवलं. यशोदाबाईनं पदर डोळ्यांना लावला. विमलाबाईनं मात्र हात पुढं केला, इंग्रजी कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"आमची नावं गेली, बरं झालं. पण वारा तर दारातनं येतो. आमीच सहाजणी दारात का होतो, ते कुठं हाये ह्याच्यात?"

"ते... मी साहेबांना सांगून घालायला लावतो," पुंजाराम म्हणाला. "जुन्या रूढीमुळे तशा जागा पडल्या होत्या, असं."

"रूढी आली होती का माठ उचलायला? आमची नावं लिहिताना सहाच्या सहा लिहिली तुमी. आता नाव लिहायची पाळी आली तर रूढी?"

पुंजारामनं आत्याकडे बघायचं टाळलं आणि हातातल्या कागदाची घडी घालत राहिला. या बाईचं नाव आता आपल्या हातानं लिहायचं होतं.

"लिही," नवसाबाई म्हणाली.

ती भाकरी तशीच टाकून उठली होती. चेहरा उतरलेला होता, पण ती भाच्याशी नाही, विमलाबाईशी बोलत होती.

"माठ मी उचलला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उचलला. पाणी मी अजून घरनं आणते, माझ्यानं ते सुटत नाय, आन सुटलं म्हणून खोटं सांगणार नाय. पण तुमचा हात जड हाय असं चार वर्षं मी गावभर सांगितलं, न तो तुमचा हात नव्हता. वारा होता, आन तिथं मीच बसवलं तुमाला. पुंज्या, नवसाबाई लिही. तुझी आत्या म्हणून लिही."

विमलाबाई सरकून बसली आणि तिनं बाकावर जागा केली. नवसाबाई बसली नाही, उभीच राहिली.

साहेबांना नवा मजकूर पसंत पडला नाही. मुंबईचे लोक हसतील, म्हणाले. हसू देत, पुंजाराम म्हणाला, सही हवी तर मजकुरासकट. साहेबांनी हात झटकले. पुंजारामनं पत्राच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात, मुंबईला वाचता येवो न येवो, मराठीत लिहिलं: "वसाहतीतल्या सहा कामगार स्त्रिया दाराकडे बसत, कारण पाण्याच्या माठाजवळ त्यांना बसू द्यायचे नव्हते. ते पहिल्या दिवशी नवसाबाईने ठरवले. ती माझी आत्या आहे. पहिल्या तपासणीत जागा मोजली गेली नाही. ती चूक माझी. मला त्या जागा रोज दिसत होत्या, आणि मोजण्यासारखे त्यात काही आहे असे मला एकदाही वाटले नाही."

खाली त्यानं सही केली आणि पाकीट स्वतः टपालात नेऊन टाकलं.